साळवे बाईंच्या वर्गातला घोडेस्वार

आदरणीय विमलबाई साळवे यांची आणि माझी ओळख झाली ती एका मुलीच्या प्रश्नामुळे. मंठ्याच्या शाळेत मी मराठीचा नवा शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. चित्रकलेच्या वर्गावरून जाताना ऐकू आले, "बाई, यानं सगळी शाल का न्हाई दिली? अर्धीच का?" मी दारात थबकलो. फळ्याला एक चित्र टांगलेले होते. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या भक्तिचित्राची ती प्रत. ख्रिस्ती संत मार्टिन घोड्यावर बसून अंगावरची शाल तलवारीने मधोमध कापत आहेत आणि खाली एक उघडा भिकारी थंडीने आखडून बसला आहे.

"त्याला पण थंडी वाजून राह्यली व्हती ना," बाई म्हणाल्या. "समदी न्हाई, पण अर्धी तर कुणालाबी देता येते."

माझी जेवणाची सोय लागेपर्यंत बाई डबा उघडला की आधी भाकरी मोडत आणि मग विचारत, "जेवले का, सर?" नाही म्हणायला वावच नसे.

बाई बौद्ध. एकदा एक पालक तणतणत आले, ख्रिश्चनांचे चित्र वर्गात कशाला म्हणून. बाईंनी स्वतःचा चष्मा त्यांच्या हातात दिला. "रेघा बघा आधी. बिलकुल हात हललेला न्हाई कुठं." ते गृहस्थ बराच वेळ घोड्याचे पोट न्याहाळत राहिले आणि गुमान घरी गेले.

आता शरमेची गोष्ट. बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी त्यांनी आम्हा संपादकांकडे एकच मागणी केली, ते चित्र छापा. समितीत कुजबुज झाली. लोक काय म्हणतील, जाहिरातदार काय म्हणतील. शेवटी बाईंना 'जागा नाही' असे सांगायचे ठरले आणि ते काम मी पत्करले. पुढाऱ्यांच्या शुभेच्छा संदेशांनी या ग्रंथात किती पाने अडवली आहेत, ते वाचकांना दिसेलच. बाईंना ते ठाऊक नव्हते.

"जागाच न्हाई म्हणल्यावर तुम्ही तरी काय करणार?" त्या म्हणाल्या. "चित्रापायी पोरांचे लेख कापू नका बरं, सर. बसा, चहा घ्या."

मी चहा घेतला. खाली मान घालून घेतला, पण घेतला. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, याची लाज अजून जात नाही.

मला या ग्रंथात दोन पाने मिळाली होती. त्यांतले एक मी चित्राला दिले आहे. हे समितीला ग्रंथ छापून आल्यावरच कळेल, आणि मग जे बोलायचे ते त्यांनी मला बोलावे. बाईंच्या कितीतरी गोष्टी त्यामुळे सांगायच्या राहिल्या, त्याबद्दल त्यांचे विद्यार्थी मला क्षमा करतील.

बाई, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि बाई, जागा होती.