चूपबाईचा कागद

केशोरीजवळच्या त्या गावात मावशीला सगळे चूपबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. अंगणात कोणी मोठ्यानं बोललं की ती ओठावर बोट ठेवी. "चूप राय. मशीन आयकून रायलं." सरपंचालासुद्धा फटफटी बांधावर ठेवून पायी यावं लागे.

हे सगळं माझ्यामुळे. दूर कुठं भूकंप झाला की त्याच्या लहरी जमिनीतून येतात, आणि येता येता दुबळ्या होतात. किती दुबळ्या होतात ते मोजायला आमच्या खात्यानं जागोजागी यंत्रं बसवली होती, त्यातलं एक तिच्या धानाच्या खोलीत. फिरत्या रुळावरच्या कागदावर सुई रेघ ओढत राही. मी गोंदियाहून आठवड्यातून एकदा जायचो. एरवी रोजचा कागद मावशीच बदलायची. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण कागदाला कधी चुणी पडू दिली नाही. धान कांडायलाही ती शेजारणीकडे जाई. "घरात मुसळ पडलं त सुई बावचळते," म्हणे.

घरी ती एकटीच. एकुलता एक सुखदेव पश्चिमेकडे एका शहरात बांधकामावर गेला होता.

एकदा हिवाळ्यात पोचलो तर ती दारातच उभी. "बापू, काल मशीननं लय लिवलं." रेघ इतकी स्वच्छ आली होती की मी नाचायचाच काय तो बाकी होतो. माझा आनंद बघून तिनं गुळाचा चहा केला. भूकंप कुठं झाला ते मी बसस्टँडवर रेडिओत ऐकलं होतं. सुखदेव त्याच शहरात असतो हे तिनं मला दहादा सांगितलेलं. पण माझ्या डोक्यात नुसती रेघ. मी चहा प्यालो, कागद पिशवीत घातला आणि निघून आलो. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

पुढचा आठवडा चुकला. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा सुखदेवचा सोबती परत आला होता. त्यानं मला बस थांब्यावरच गाठलं. तो म्हणाला, पडलेल्या भिंतीखालून सुखदेव दुसऱ्या दिवसापर्यंत हाका देत होता. "मावशीले हे नाई सांगू शकलो, साहेब. गेला, एवढंच सांगतलं."

मावशी ओसरीवर बसली होती. त्या दिवसाचा कागद अजून माझ्या पिशवीतच होता. तिनं तो मागितला आणि रेघेवर बोट ठेवलं.

"इथं याले किती टाइम लागला?"

"चारेक मिनिटं."

"म्हंजे हे उमटलं तवा तो होता, का गेला होता?"

"गेला होता, मावशी. तिथल्या तिथं. त्याला कळलंही नाही."

"मशीनवरून समजते?"

"समजतं," मी म्हणालो.

तिनं माझा हात घट्ट धरला. "मंग बरं, बापू. लेकराले तरास नाई झाला." त्या दिवशी ती पोटभर जेवली. शेजारीण म्हणाली, कित्येक दिवसांनी.

पुढं खात्यानं यंत्र तिथून हलवलं, माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी तिला शेवटचं भेटायला गेलो तेव्हा ती खाटेवर होती, पार वाळलेली. आल्यागेल्याला सांगत होती, "मशीनवर आलं हाय, सुखदेवले तरास नाई झाला." तो सोबती तिच्या पायाशी बसला होता. त्यानं "हो मावशी" म्हणून मान डोलावली, आणि माझ्याकडे पाहिलं नाही.