भांडणाची सतरा कलमं

"भागीदारी हे दोन माणसांमधलं परमविश्वासाचं नातं आहे," असं आमचे वकीलसाहेब डोळे मिटून सांगत, आणि डोळे उघडून लगेच विचारत, "साक्षीदार आणले का?"

रायपूरच्या बूढापारा वस्तीत, तलावाकडे जाणाऱ्या गल्लीत त्यांचं ऑफिस होतं. मी तिथे टायपिंग करायचो. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि शहरातल्या प्रत्येकाला आपलीही एक फर्म असावी असं वाटू लागलं. कालपर्यंत एकमेकांना चहा न पाजणारे लोक भागीदारीचा करार लिहायला येऊ लागले.

साहेब त्यांना आधी इतिहास ऐकवत. "पहिले भागीदारी ही करार-कायद्याच्याच घरात एका खोलीत राहत होती. एकोणीसशे बत्तीस साली तिनं स्वतःच्या कायद्याचं वेगळं घर केलं. काहून? भांडणं मावत नव्हती!" कायदा करणाऱ्यांचा हेतू नेमका हाच होता का, हे तुम्ही-आम्ही विचारायचं नाही.

मग कायदा. "फर्मच्या नावानं यानं सही केली, का तू बांधला गेला. समजून राहिला ना? अन् वेगळे झाले, का दुकानाची पाटी कोणाची?" इथे बहुतेकांची पहिली चकमक होई. शहराबाहेर नव्यानं वसणाऱ्या नवा रायपूरच्या बांधकामांवर जेसीबी भाड्याने द्यायचा म्हणून एकाच स्कूटरवर आलेले दोन मित्र या प्रश्नानंतर एक स्कूटरने आणि एक पायी परत गेले. साहेब खूश. "पाहा, एक फर्म वाचली."

सदर बाजारातल्या चष्म्याच्या दुकानाचा करार हा त्यांचा अभिमान. दोन मित्रांची फर्म, आणि करारात भांडणाची सतरा कलमं. ते दोघे कधी भांडलेच नाहीत. मग एक दिवस त्यांतला मराठी भागीदार अचानक गेला. त्याची बायको आणि मागे राहिलेला मित्र करार घेऊन आले. वहिनी कित्येक वर्षं काउंटरवर बसत, फ्रेमा सरळ करून देत. नवऱ्याच्या जागी आता त्यांनाच दुकान चालवायचं होतं.

साहेबांनी करार वाचला. पुन्हा वाचला. "वहिनी, भागीदार गेला की फर्म संपते. करारात काही वेगळं लिहिलं असलं तर गोष्ट निराळी. इथं लिहिलं नाही."

"संपते म्हणजे? सकाळीच तर मी शटर उघडून आली."

"कायद्यानं संपली. विसर्जित झाली."

"साहेब, भांडणाचं सतरा जागी लिहिलं. मरणाचं एका जागी लिहायले काय झालं होतं?"

साहेबांनी चष्मा काढला. तो त्याच दुकानातला होता. "माणसं भांडतील याची मले खात्री होती," ते म्हणाले. "मरतील हे सुचलंच नाही."

मित्र हळूच म्हणाला, "भाभी नहीं बैठेंगी तो मैं अकेला क्या करूँगा, साहब? नया लिख दीजिए."

"हव," साहेब म्हणाले. फी घेतली नाही. नव्या करारात त्यांनी दोघांच्या मरणाची, वारसांची आणि वारसांच्या वारसांचीही सोय केली. मी विचारलं, "अन् भांडणाचं?"

"या वेळी राहू दे."

महिन्याभरात त्या दोघांचं, आरसा कुठे लावायचा यावरून, जोरदार भांडण झालं. तावातावाने कलम शोधायला आले. करारात काहीच नव्हतं. शेवटी बाहेरच्या बाकावर चहा पीत त्यांनी आपसातच मिटवलं. दोन आरसे लावले. साहेब खिडकीतून पाहत होते. मला वाटतं, थोडे खट्टू झाले होते.

पुढे मंत्रालय नवा रायपूरला गेलं, मी दुसऱ्या वकिलाकडे गेलो आणि एका उन्हाळ्यात साहेबही गेले. घरी कोणी नव्हतं. शेवटचं सगळं चष्म्याच्या दुकानातल्या वहिनींनी आणि त्यांच्या भागीदाराने केलं. कागदपत्रं आवरायला मी गेलो. साहेबांच्या जाण्याने कायद्यानं काय काय विसर्जित झालं, ते पाहायचं होतं.

काहीच झालं नव्हतं. साहेबांना भागीदार नव्हता, आणि एकट्याच्या धंद्याला आपल्याकडे वेगळा कायदा नाही.