वहिनीचं खोटं ॲप

माझ्या वहिनीइतका बोलण्यावर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या हैदराबादेत सापडायचा नाही. कुकटपल्लीचा फ्लॅट घेतला तेव्हा तिने रिकाम्या स्वयंपाकघरात खडूने ओटा आणि फ्रिज आखला, आणि दादाला तिथे उभं करून खोटा चहा करायला लावला. दादाचं कोपर फ्रिजच्या रेघेवर गेलं, तेव्हा कुठे ओट्याची जागा बदलली. ऑफिसातही तेच. ती सॉफ्टवेअरचे स्क्रीन डिझाइन करते. बाकीचे चित्रं दाखवून समजावत बसतात; ही चालता नमुना बनवते. मागे काही नसतं, पण बोट लावलं की खऱ्या ॲपसारखं वागतं. तो फोन समोरच्याच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. "सांगितलं की सगळे हो म्हणतात गं. हातात दिलं की कळतं," असं तिचं म्हणणं.

त्या वर्षांत तिच्या कंपनीत सारखी फेररचना चालायची. एका साहेबाची सवय होईतो दुसरा यायचा. अशातच कंपनीकडे दवाखान्याच्या ॲपचं काम आलं आणि तिने ते मनावर घेतलं. मेनू नाही, बटणांची रांग नाही. सगळं घर एका पानावर, प्रत्येकाचा फोटो. आजोबांच्या फोटोवर दोन बोटं फाकवली की त्यांची औषधं, आणखी फाकवली की त्यांचे डॉक्टर आणि डॉक्टरांच्या रिकाम्या वेळा. नवे साहेब म्हणाले, "म्हाताऱ्यांना झेपणार नाही. नेहमीचा मेनू द्या."

वहिनीने वाद घातला नाही. रविवारी ती मला घेऊन चिक्कडपल्लीला आमच्या काकांकडे गेली. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, नव्या वस्तूला आधी "नक्को" म्हणणारे. "काका, हा नुसता नमुना आहे हं," म्हणत तिने फोन दिला. मी मदत करायला गेले तर माझा हात दाबला. काका जरा चाचपडले, मग रमले. "हौ, हे बरं आहे," म्हणत त्यांनी गुडघ्याच्या डॉक्टरांची बुधवारची वेळसुद्धा घेतली. खरं वाटावं म्हणून वहिनीने त्यांच्याच डॉक्टरांचं नाव घातलं होतं.

बुधवारी काका ऑटो करून मलकपेठच्या दवाखान्यात हजर. तिथून वहिनीला फोन आला, "सूनबाई, हे लोक म्हणतात माझं नावच नाही. मी तर वेळ घेतली की." मीटिंग सोडून ती धावली, सगळ्यांची माफी मागितली आणि काकांचा गुडघा दाखवूनच परतली. संध्याकाळी मला म्हणाली, "फार लाज वाटली गं." मग म्हणाली, "पण जमलं त्यांना. कुणाला काही विचारावं लागलं नाही."

पुढच्या आठवड्यात काका स्वतःहून तिच्या ऑफिसात गेले आणि साहेबांसमोर बसून सगळं करून दाखवलं. "ह्यात खोटी फक्त डॉक्टरांची वेळ आहे," म्हणाले. साहेबांनी परवानगी दिली.

काम निम्म्यावर आलं असताना पुन्हा फेररचना झाली. ॲप दुसऱ्या टीमकडे गेलं, वहिनीला ऑफिसातल्या रजेच्या अर्जांचे स्क्रीन मिळाले. ॲप बाजारात आलं त्या दिवशी ती आमच्याकडे जेवायला होती. तिने ते फोनवर उतरवून घेतलं आणि शेवटपर्यंत पाहिलं. मेनू होता, बटणांची रांगही होती. औषधांच्या एका पानावर मात्र दोन बोटं फाकवली की गोळी मोठी होऊन दिसत होती.

"हे ठेवलं त्यांनी," वहिनी म्हणाली. भात निवत होता. ती गोळी मोठी करत होती, पुन्हा लहान करत होती.