दार ते दार

भोपाळच्या आमच्या कारखान्यात तुम्ही कधी नोकरी केली असेल, तर टूर सेक्शनमधल्या बाई तुम्हाला आठवतीलच. कोणी टूरचा फॉर्म घेऊन आलं की त्या उठून भिंतीवरच्या नकाशावर वीत टाकायच्या. "रायपूर? दीड वीत. विमान उडेल तासभर. पण साहेब, दार ते दार सांगा." म्हणजे क्वार्टरच्या दारापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत. मग जीप, रांग, उशीर, तिथली टॅक्सी असं सगळं बोटांवर मोजून त्या जो वेळ सांगत, तो सहसा चुकत नसे.

बाई मूळच्या ग्वाल्हेरच्या. अख्ख्या कारखान्याला त्यांनी देशभर पाठवलं. त्यांच्या स्वतःच्या ग्रेडला मात्र टूर नव्हती.

मला बढती मिळून विमानाचा हक्क लागू झाला, त्याच आठवड्यात इंदूरला निविदा टाकायची निघाली. ऑर्डर मोठी, आणि पेटी दुपारी तीनला बंद होणार.

"पहाटेची बस घ्या," बाई म्हणाल्या.

"विमान अर्ध्या तासात पोचवतं, बाई."

"उडतं अर्धा तास. पण येतं ग्वाल्हेरवरून. थंडीतलं आमचं धुकं मला विचारा."

मी विचारलं नाही. हक्क मिळाला की माणसाच्या कानात आपोआप बोळे बसतात.

सकाळी नऊला मी नव्या सुटात विमानतळावर, आणि विमान ग्वाल्हेरला धुक्यात. साडेनऊला बाई रिक्षातून उतरल्या. फोनवर चौकशी करूनच आल्या होत्या.

"निविदेचं पाकीट द्या. इथं जवळच लालघाटीवर इंदूरची बस मिळेल."

"तुम्ही जाणार?"

"रजेचा अर्ज टाकून आलेय. का, तुम्ही येता?"

मी हातातल्या बोर्डिंग पासकडे पाहिलं. सामान आत गेलं होतं आणि, आता लपवण्यात काय अर्थ, खिडकीची जागा मिळाली होती. मी पाकीट दिलं.

पावणेचारला मी इंदूरच्या त्या ऑफिसात धापा टाकत पोचलो. बाई बाकावर बसून पोहे खात होत्या. शेजारी पोचपावती. तीवर वेळ होती दोन पन्नास.

"उडायला किती लागलं?"

"पंचवीस मिनिटं."

"छान. पोहे घ्या, गार होतील."

ऑर्डर आम्हालाच मिळाली. मोठ्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझी पाठ थोपटली. फायली घेऊन दाराशी उभ्या असलेल्या बाई मला डोळ्यांनी दटावत होत्या, गप्प बसा म्हणून. मी पुन्हा त्यांचं ऐकलं नाही. सुटासकट, धुक्यासकट, खिडकीसकट सगळं सांगून टाकलं. हसले ते मला आणि टाळ्या वाजवल्या त्या बाईंना. साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम केला : बाईंची रजा रद्द, तो दिवस टूर धरावा.

बाई रिटायर होऊन ग्वाल्हेरला परतल्या. गेल्या महिन्यात त्या गेल्याची चिठ्ठी आली. आमच्यातल्या जुन्यांना त्यांचा नकाशा आठवला असेल. मला आठवला तो त्या मीटिंगनंतरचा त्यांचा टूरचा फॉर्म.

हजारो फॉर्म डोळे मिटून भरणाऱ्या बाईंना तो भरायला अर्धा तास लागला. प्रवासाचं साधन : बस. काम : निविदा वेळेत पोचवली. अधिकारी म्हणून माझी सही. आयुष्यात इतकी ऐटदार सही मी दुसरीकडे केलेली नाही.

कार्बन कॉपी सेक्शनच्या फायलीत लावायचा कडक नियम होता, बाईंनीच केलेला. त्यांनी दार लोटलं, कॉपीची नीट चौघडी केली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.