भांड की माझ्याशी

माझ्याशी भांडायला कोणी उरलं नाही, हे माझं खरं दुखणं. हे गेले, पाठोपाठ ठाण्यात खोपटला राहणारी माझी ताई गेली. मूलबाळ नाही. डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी सगळ्यांची काकू. लोक लिफ्टचं दार धरतात, हो ला हो करतात आणि सटकतात. अडुसष्टाव्या वर्षी एवढा मान मिळतो की जीव नकोसा होतो.

म्हणून माजिवड्याच्या पुतण्याने मोबाइलवर क्रिकेटच्या गप्पांचं ॲप टाकून दिलं, तेव्हा मी हरखलेच. मॅच चालू असताना सगळे तिथे लिहीत बसायचे. खरं नाव कुणाचंच नाही. मी "गुगली". कल्याणचा एक जण होता, "खडूस" नाव घेतलेला. पहिल्याच आठवड्यात त्याने मला लिहिलं, "तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का रे?" अगं बाई! किती वर्षांनी कुणी मला असं बोललं! मी तरी सोडते की काय? तीन वर्षं आम्ही प्रत्येक मॅचला कचाकचा भांडलो. मी पुरुष आहे असं तो समजला, मी समजू दिलं. मॅच नसली की दिवस जाता जायचा नाही.

मग कुणीतरी एका महिला खेळाडूबद्दल इतकं घाण लिहिलं की माझं डोकंच फिरलं. मी तणतणत लिहिलं, "टोपणनावाआड कसली मर्दुमकी? आधार कार्ड दाखवा आणि खऱ्या नावाने बोला!" लोकांनी मला डोक्यावर घेतलं. खडूससुद्धा म्हणाला, "पहिल्यांदा अक्कल वापरलीस." पुढे ॲपवाल्यांनी तसाच नियम काढला. काही माझ्या एकटीमुळे नव्हे, पण मागणी माझीही होतीच. घाण थांबली, तेही खरं.

मी मुकाट्याने कार्डाचा फोटो चढवला. दुसऱ्या दिवशी "गुगली"च्या जागी माझं आख्खं नाव झळकलं, शेजारी वय. खडूसचंही खरं नाव आलं, पण माझ्यासाठी तो खडूसच. त्याचा मेसेज आला, "नमस्कार काकू. आजवर फार वेडंवाकडं बोललो, माफ करा."

"अरे, माफी कसली मागतोस, भांड की माझ्याशी!" मी लिहिलं.

त्याने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मला रडूच आलं.

पुढच्या मॅचला मी मुद्दाम ढळढळीत चुकीचं लिहिलं, "चेंडू पॅडला लागला की आउटच, त्यात बघायचंय काय?" शेंबडं पोरही हसेल असलं. पूर्वी त्याने मला फाडून खाल्लं असतं. मी मोबाइल हातात धरून बसले. चहा निवला.

उत्तर आलं, "तुमचं बरोबर आहे, काकू."