सदस्य अनुपस्थित

आमचे आमदार मूळचे वायरमन. उपनगरातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातचं वायरिंग होतं, आणि निवडून आल्यावरही लोक त्यांना वायरमनच म्हणत. मी त्यांचा स्वीय सहायक. दौऱ्याची डायरी, पत्रं टाइप करणं आणि शिव्या खाणं ही तिन्ही खाती माझ्याकडे. तेरा वर्षं ती सांभाळली, म्हणून हे सांगायचा अधिकार माझा, आणि यातला दोषही बराचसा माझाच आहे.

राजकारण त्यांना मी शिकवलं, असं मी चारचौघांत सांगत असे. शिकवलं काय, तर एकच गोष्ट: लग्नाला नाही गेलं तर लोक विसरतात, मयताला नाही गेलं तर विसरत नाहीत. रोज सकाळी सातला मी फोन फिरवून कोण गेलं ते विचारत असे आणि नऊपर्यंत वायरमन त्या दारात हजर. भाषण त्यांना जमत नसे. जाऊन गप्प बसणं जमे, आणि त्यांना खरोखर वाईट वाटायचं, हे मी जवळून पाहिलंय. वहिनी म्हणायच्या, "जिवंत माणसांचं काही बघता की नाही?" वायरमन हसून पायांत चपला सरकवायचे. दोन निवडणुका आम्ही याच्यावर काढल्या.

सभागृहात मात्र आमचं घोडं पेंड खायचं. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागेल, असा प्रश्न आमदार आधी लिहून देतो. असे सत्तर-ऐंशी प्रश्न छापले जातात, त्यांतले तासाभरात जेमतेम पाच-सहा होतात, बाकीच्यांना लेखी उत्तर. नंबर चिठ्ठ्यांवर लागतो. आठ वर्षांत आमचा प्रश्न पहिल्या विसात आला नव्हता. नवव्या वर्षी तो दुसरा लागला. प्रश्न कालव्यावरच्या लोखंडी पादचारी पुलाचा होता.

वसाहत कालव्याच्या अलीकडे, शाळा आणि बसथांबा पलीकडे, मध्ये हा पूल. वायरमन स्वतः खाली उतरून बोल्ट बघून आले होते. अंगठ्यानं दाबलं तरी गंजाचे पापुद्रे सुटत होते. "हा काही फार दिवस काढायचा नाही," ते मला म्हणाले. "मंत्र्याच्या तोंडून एकदा 'बंद करतो' एवढं निघालं की झालं." मंत्र्याच्या कार्यालयातूनही निरोप होता, की प्रश्न पुकारला गेला तर पूल त्याच दिवशी बंद करायची तयारी आहे. इतकं सरळ काम आमच्या हाताला कधी लागलं नव्हतं.

नेमक्या त्या सकाळी वसाहतीतल्या सगळ्यांत मोठ्या सोसायटीच्या चेअरमनच्या सासूबाई गेल्या. वय एक्याण्णव.

"आज नको," वायरमन म्हणाले. "अकराला तास सुरू होतो. संध्याकाळी जाऊन येऊ."

"साहेब, चारशे मतं आहेत त्या आवारात," मी म्हणालो. "नऊला पोचू, साडेनऊला निघू, दहाला सभागृहात. मी आहे ना."

मी होतो, हेच दुर्दैव. म्हातारीचा मुलगा परगावाहून यायचा होता आणि त्याची गाडी वाटेत अडकली होती. वायरमनना सगळ्यांच्या मधोमध खुर्ची दिली. चेअरमन त्यांचा हात धरून बसला. दहाला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच 'बसा' म्हणालो. साडेदहाला पुन्हा पाहिलं. मी पुन्हा तेच केलं. सभागृहात पोचलो तेव्हा अकरा चाळीस झाले होते. अध्यक्षांनी त्यांचं नाव अकरा बाराला पुकारलं होतं, दोनदा. कामकाजात नोंद झाली: सदस्य अनुपस्थित.

लेखी उत्तर त्याच संध्याकाळी माझ्या हातात पडलं. पूल धोकादायक आहे, हे खरे आहे काय? अंशतः खरे आहे. तो बंद करण्यात येणार आहे काय? बाब तपासण्यात येत आहे. विलंबाची कारणे काय? प्रश्न उद्भवत नाही. वायरमननी तो कागद उभ्यानं वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे त्यांनी पत्रं लिहिली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सदतिसाव्या दिवशी संध्याकाळी सहाला, बसमधून उतरलेली माणसं घराकडे येत असताना पूल मधोमध तुटला. सात जण गेले. दुसऱ्या दिवशी सरकारनं दोन्ही टोकांना पत्रे ठोकून रस्ता बंद केला. बैल गेला आणि झोपा केला.

सातही घरी आम्ही गेलो. चौथं घर एका बस कंडक्टरचं. त्याची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा गणवेश गॅलरीतल्या दोरीवर तसाच होता, तो काढायला कुणी धजावलं नव्हतं. वायरमन या वेळी गप्प बसले नाहीत.

"पुलाचा प्रश्न माझा होता," ते म्हणाले. "सभागृहात नाव पुकारलं तेव्हा मी जागेवर नव्हतो. असतो तर पूल त्याच दिवशी बंद झाला असता."

कंडक्टरनं मान वर केली. मला वाटलं, आता उठून गळपट्टी धरेल. धरायला हवी होती, आधी माझी.

"साहेब, एकटा माणूस कुठं कुठं पुरणार?" तो म्हणाला. "आमच्या दारात आलात, खूप झालं. आई गेली तेव्हाही आला होतात."

उरलेल्या तिन्ही घरी वायरमननी तेच सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही. एका म्हातारीनं तर त्यांच्याच पाठीवरून हात फिरवला. त्यांना बसवून ठेवणारा मी होतो, हे मात्र मी कुठल्याच घरात बोललो नाही. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लाज वाटते.

वर्षभरानं निवडणूक आली. वायरमनना उभं राहायचं नव्हतं, पक्षानं ऐकलं नाही. ते प्रचाराला फारसे बाहेर पडले नाहीत, आणि मयताला जाणं तर त्यांनी बंदच केलं होतं. तरी मताधिक्य दुप्पट झालं. मतमोजणी संपल्यावर मी केंद्रांच्या आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे धरला. कालव्याजवळच्या शाळेतल्या केंद्रावर, जिथं ती सातही घरं मत देतात, नऊशे बारापैकी आठशे चाळीस मतं आमची. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

त्यांनी चष्मा लावून तो एकच आकडा दोनदा वाचला.

"यांनी तरी मला पाडायला हवं होतं," ते म्हणाले, आणि बाहेर लोक थांबले होते म्हणून उठले.