बियाण्याच्या कॉम्प्युटरला कुलूप

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत मी कॉम्प्युटर बघायचो. वडीगोद्रीहून रोज मोटरसायकलवर जाणं-येणं. शेठ म्हणायचे, "येत्या दिवाळीला तुला कायम करतो." त्या शब्दावर मी किती दिवाळ्या काढल्या, माझं मला माहीत.

कोणत्या नराचा कोणत्या मादीशी संकर केला की कोणतं वाण निघतं, ही सगळी माहिती एकाच मशीनवर होती; ते विंडोजऐवजी लिनक्सवर चालायचं. ती कुणी पळवील या धास्तीनं शेठला झोप न्हाई. मंग मी सगळी डिस्कच एन्क्रिप्ट केली. म्हणजे मशीन चालू करतानाच पासवर्ड द्यायचा, न्हाईतर आतलं अक्षर वाचता येणार न्हाई. माहिती बाजूला काढली, डिस्क पुसली, लिनक्स नव्यानं टाकलं, माहिती परत भरली. काम झालं तसं शेठ म्हणले, "आता तू जरा बाहेर थांब. तुझा पासवर्ड काढून जावई नवीन टाकतेत. घरातली गोष्ट घरात बरी."

कुलूप मी बसवलं, अन् पहिला चोर मीच. डोकं तापलं, पण दिवाळी जवळ होती. दाराबाहेर गेलो.

मशीन रात्रंदिवस चालूच असायचं. खंडेनवमीला सगळ्या मशिनी बंद करून पूजा झाली, कॉम्प्युटरलाही हळदकुंकू, झेंडू. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चालू केलं, तर पासवर्ड लागेना. जावई घामाघूम. शेठ माझ्यावर गुरकावले, "काय करून ठेवलं तू?"

चोर सोडून संन्याशाला फाशी. मी जावयाला विचारलं, "मराठीत टाकला का?" त्यानं मान डोलावली. शुभ म्हणून कुळदैवताचं नाव टाकलं होतं, मराठी कीबोर्डवर. आता मशीन उठताना जो पहिला पडदा येतो, तिथं इंग्रजीच उमटतं. मराठी कीबोर्ड डिस्क उघडल्यावर मिळणार. देव आत कोंडला अन् भक्त बाहेर. मला विचारलं असतं तर बराबर सांगितलं असतं. पण जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला कोण शिकवणार?

माझ्या पेन ड्राइव्हवर दुसरं लिनक्स होतं. त्यावरून मशीन उठवलं, मराठी कीबोर्ड लावला. डिस्क पासवर्ड मागायला लागली तसा कुणी सांगायच्या आत मी स्वतःच दाराबाहेर जाऊन उभा राह्यलो. आतून जावई ओरडला, उघडलं म्हणून. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता दिवाळीचं पक्कं.

संध्याकाळी शेठनी बोलावून हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोन्यासारखा राहा," म्हणले. मी पाया पडलो.

"बंद पडलेलं असं उघडणारा माणूस जवळ ठेवायची भीती वाटती बाबा. उद्यापासून येऊ नको. अन् तो पेन ड्राइव्ह इथंच ठेव."

"शेठ, पासवर्ड जावयांनी टाकला. मी बाहेर उभा होतो."

"ते आम्हाला काय कळतं," शेठ म्हणले.

पेन ड्राइव्ह माझ्या पैशाचा होता. ठेवून आलो.